वर कोट, खाली सलवार

आमच्या सिडकोतल्या बागेत ती मुलगी रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. वर काळा कोट, खाली फुलाफुलांची सलवार, पायात रबरी चप्पल आणि मांडीवर लॅपटॉप. हास्यक्लब सुरू होईपर्यंत मी शेजारच्या बाकावर कान टवकारून बसे. पाचोडची इंजिनिअर, खोलीत चार मैत्रिणींचा गोंगाट, म्हणून नोकरीच्या मुलाखती इथं, एवढं कळलं. नाव मात्र विचारायचं राहिलं.

एकदा लॅपटॉपमधून साहेबानं विचारलं, “हे सॉफ्टवेअर येतं का?”

“नाही सर. पण शिकेन.”

“कळवतो,” म्हणून त्यानं संपवलं.

मला राहवेना. “अगं, हो म्हणून मोकळं व्हायचं!”

“हो म्हणूनच मागची नोकरी लागली होती, आजी. रोज लई भ्यायचे. शेवटी सोडली.”

विशीत मीही नोकरीच्या मुलाखतीत टायपिंग येतं म्हणून ठणकावून सांगितलं होतं. मशीनसमोर बसवल्यावर कागद कुठून घालतात तेच कळेना. पाणी पिऊन येते म्हणाले आणि थेट घर गाठलं. घरी सांगितलं, मशीनच बिघडलंय!

दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं, तर ती पोट धरून हसली. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

“आजी, कालचेच साहेब!” तिनं घाईघाईनं कोटाची बटणं लावली.

इकडे हिरवळीवर आमचा क्लब हात वर करून तयार उभा. मी धावत जाऊन सगळ्यांना दटावलं, “आज मनातल्या मनात हसा!”