तिपानी की चौपानी

लिही, माझ्या थोरल्या जाऊबाईंचं लिही. तू त्यांना पाहिलं नाहीस. शाळेचं तोंड आम्ही दोघींनीही पाहिलं नव्हतं, पण आम्ही कामाला होतो त्या रोपांच्या नर्सरीत एखादं झाड ओळखू येईना की सगळे त्यांनाच हाक मारायचे.

त्यातून प्रोटिया नावाच्या फुलझाडाच्या खानदानातली झाडं म्हणजे तर त्यांचीच. मालक एकदा सांगून गेले होते, की सिल्व्हर ओक, बँक्सिया, ग्रेव्हिलिया, तो मॅकाडेमिया नट, सगळी एकाच कुळातली. जाऊबाई म्हणाल्या, एक ताडमाड, एकाचं फूल बाटली धुवायच्या ब्रशासारखं, एकाचं कवच हातोडीनेही फुटत नाही, आपल्या सासरसारखंच की. मला त्यांनीच शिकवलं. पाकळ्या शोधत बसू नकोस, कळीची नळी फाटते आणि आतली टाचणीसारखी काडी वाकून बाहेर येते, ती दिसली की घरचंच माणूस समज. आमचा मुकादम असाच काटकुळा आणि पाठीत वाकलेला, म्हणून आम्ही बायका त्याला टाचणी म्हणायचो. मागून, अर्थात.

त्या मॅकाडेमियाच्या रोपांत आमच्याकडे दोन जाती. एकीला पेरापेराला तीन पानं, ती तिपानी. दुसरीला चार, आणि पानांच्या कडा काटेरी, ती चौपानी. त्या निवडून वेगळ्या करायच्या आणि चिठ्ठ्या बांधायच्या, हे जाऊबाईंचं काम. चिठ्ठीचा रंग ठरलेला, त्यामुळे वाचता येण्याची गरज नव्हती.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी मधलं दिसेना, मग रंग जायला लागले. डॉक्टर म्हणाले, यापुढे कमीच होणार. हे मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दीर गेलेले, मूलबाळ नाही, आणि नर्सरीमागची ती खोली कामावर असलेल्यालाच मिळायची. काम गेलं की खोली गेली. आमच्या घरी एका खोलीत आम्ही पाचजणं. जाऊबाई म्हणायच्या, तुझ्या घरात मी उभी राहिले तरी कुणाला तरी बसायला जागा उरायची नाही.

दोन वर्षं आम्ही निभावलं. शेजारी शेजारी बसायचो. पानं त्या बोटांनी मोजायच्या, चिठ्ठीचा रंग मी हळूच सांगायची. मग टाचणीने मला पिशव्यांत माती भरायला पाठवलं, आणि त्या एकट्या पडल्या.

त्याच आठवड्यात कोवळी रोपं आली. बोटभर उंचीची. आता यात गोम अशी, की एवढ्याशा रोपाला दोन-दोनच पानं असतात. तीन नाहीत, चारही नाहीत. आणि लहानपणी दोन्ही जातींच्या कडा काटेरी. तिथे शेंड्याची पालवी बघावी लागते. चौपानीची लालसर, तिपानीची हिरवी. जाऊबाईंच्या बोटांना सगळीकडे काटे लागले. सकाळी मी वेगळ्या करून दिलेल्या गठ्ठ्यांतली चौपानीची चिठ्ठी त्यांनी वाफाभर रोपांना बांधली, तिपानीलासुद्धा.

टाचणीला ते दिसलं. तो मला मातीच्या ढिगावरून घेऊन आला. जाऊबाई टेबलाशी उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्याने एक रोप उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"बाई, याचा शेंडा कसला?"

त्यांनी बोटाने पानाची कड चाचपली. मग म्हणाल्या, "लाल."

शेंडा हिरवागार होता. टाचणी माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा."

खोटं बोलले तर माझीही नोकरी जाईल हे कळत होतं. पण समोर त्यांची खोली दिसत होती, चूल, दोरीवरचे दोन कपडे.

"लालच आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात जाऊबाईंनी रोप त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तिला नका विचारू. ती माझ्यासाठी बोलते. मला दिसत नाही, मुकादम. दोन वर्षं झाली."

टाचणी वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज चढवला नाही. महिनाअखेर खोली रिकामी करा, एवढंच म्हणाला. मी पाया पडायला वाकले, तर जाऊबाईंनी मला दंडाला धरून उभं केलं.

त्यांचं गाठोडं मी उचललं, त्या माझा खांदा धरून चालत होत्या. वाटेत म्हणाल्या, "तुला हिरवा दिसत होता ना गं?"

"हो, जाऊबाई."

"मग आता मी कुणाचं खरं मानायचं?"

त्या आमच्या घरी सात वर्षं राहिल्या, दाराजवळच्या कोपऱ्यात. कधी रागावल्या नाहीत. पण सुईत मी दोरा ओवून दिला आणि काळा आहे म्हणाले, की त्या हो म्हणायच्या, आणि मी आत गेले की शेजारणीला हाक मारून रंग विचारायच्या. मला ऐकू यायचं.