हातगाडीपुरती वाट

शहाऐंशीच्या सुमारास मी बोरिवलीच्या बागेत माळी म्हणून लागलो. सातवीत शाळा सुटलेली, गाव लांब. बागेमागे एका गृहस्थांची जमीन होती आणि तिच्यात फोडलेल्या काळ्या दगडाचा ढीग. तो बाहेर काढायला वाट बागेतूनच. परवानगीसाठी ते अर्ज घेऊन रोज यायचे, हिरवळीवर चप्पल हातात घेऊन चालायचे. प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचे. "होईल ना, माळीदादा? होईल ना?" मला दादा म्हणणारे मुंबईत ते एकटेच.

हिरवळ बिघडली तर नोकरी जाईल, ही माझी धास्ती त्यांनी ओळखली होती. बागेचे साहेब पाहणीला येणार त्या सकाळी त्यांनी रेघा आखायच्या फक्कीची पिशवी माझ्याच हातात दिली. "तुम्ही आखा. तुम्हीच आखा."

मी गुलाबांना वळसा घालून पांढरी वाट आखली.

साहेब भडकले. "परवानगीआधीच वाट? कोणी आखली रे?"

"माळीदादांनी. ते नको म्हणाले तर दगड राहू दे तिथंच. राहू दे."

मी पुढे झालो. "ट्रक नको, साहेब. हातगाडी चालेल."

साहेबांनी अर्जावर लिहिलं, 'माळ्याने आखलेल्या वाटेने हातगाडीस हरकत नाही.'

त्या गृहस्थांनी तो कागद स्वतः वाचायच्या आधी माझ्यापुढे धरला. माझे हात फक्कीने भरलेले, म्हणून मी तीनदा वाचेपर्यंत तसाच धरून ठेवला.