भुईआवळीला शाल

सकाळी दहा वाजता ऑफिसच्या व्हरांड्यात अकरा माणसं बसली होती. अकराही जणांचे डोळे पिवळे. त्यांना घेऊन आल्या होत्या बनाबाई, प्रकाशा या तीर्थगावाजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचा तरणा मुलगाही त्या अकरांत होता.

"मॅडम, हिलाल आप्पाना सत्कार करू नका," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. लोक जैवविविधता नोंदवहीचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे गावात कोणता झाडपाला आहे, तो कशावर चालतो आणि त्यातलं कोणाला कळतं, हे लिहून ठेवायची वही. त्यातल्या एका जाणकाराचा शनिवारी सत्कार करायचा होता. मी हिलाल आप्पांचं नाव दिलं होतं.

आप्पा सत्तरीचे शेतकरी. काविळीवर भुईआवळी देतात. पावसाळ्यात बांधावर उगवणारं हे वीतभर तण. ते मुळासकट वाटून ताकातून तीन रविवार द्यायचं. मात्र आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचं. मोबाइलवर रिपोर्ट दाखवल्याशिवाय आप्पा पाट्याला हात लावत नाहीत.

"आप्पांनी काय वाईट केलं?" मी विचारलं.

"काहीच नही. पन औषधना बदलामा तेस्नी काही लिधं ते गुण जास. आमना घर चहा बी पेत नहीत. तुम्ही शाल दिधी ते मन्हा पोऱ्याना दोन डोस वाया जातीन. तिसरा रविवारे शे."

माझी चूक मला तिथेच कळली. आप्पांकडून मी आधार कार्डाची झेरॉक्स घेतली होती, दोन फोटो घेतले होते. सत्कार चालेल का, हे विचारलंच नव्हतं. सत्काराला कोण नाही म्हणतं?

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अंधश्रद्धेला भीक घालू नका. पत्रिका छापून झाल्यात."

पंधरा मिनिटांनी त्यांनीच मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ते औषध तीन रविवार घ्यायचं असतं ना?"

"हो सर."

"आमच्या मेहुण्याचे दोन झालेत."

मला हसू आवरेना. फाइल तोंडासमोर धरली.

"तारीख बदलू या सर."

"जिल्ह्याहून पाहुणे येणार आहेत. तारीख बदलता येणार नाही. आप्पांना काही देऊही नका. पण सत्कार झाला पाहिजे."

असा आदेश मला तीस वर्षांत पहिल्यांदाच मिळाला. मी तडक आप्पांच्या शेतात गेले. ते निंदणी करत होते. सगळं ऐकून घेतलं आणि विळा खाली ठेवला.

"शाल देनीच शे ना? मंग तिले द्या. गुण तिना शे. मी ते फक्त वाटस."

"भुईआवळीला?"

"हा. पन आदला दिन सांजले आवतन देनं पडी. बलावाशिवाय ती येत नही."

झाडपाला उपटण्याआधी त्याला असं बोलावणं द्यायची त्यांची रीत. शुक्रवारी संध्याकाळी मी बांधावर उकिडवी बसले. एका तणाला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले. पर्समध्ये पत्रिका होती, तीही समोर ठेवली. आप्पांनी ते रोप मातीसकट कुंडीत लावून दिलं.

शनिवारी स्टेजवर मधल्या खुर्चीवर कुंडी. पाहुणे आले, इकडेतिकडे पाहू लागले.

"सत्कारमूर्ती कुठायत?"

"समोरच आहेत सर."

त्यांनी कुंडीच्या मागे वाकून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. साहेब छताकडे बघत होते. शेवटी पाहुण्यांनी शाल घातली आणि सत्कारमूर्ती कुंडीसकट दिसेनाशा झाल्या. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, त्यांना जरा बाहेर काढा." पाहुण्यांनी भाषण लिहून आणलं होतं, ते त्यांनी तसंच वाचलं. कुंडीने कष्टाने मुलाबाळांना शिकवलं, असंही त्यात आलं. पिवळ्या डोळ्यांची माणसं जीव तोडून टाळ्या वाजवत होती.

कुंडी एका रात्रीपुरती आप्पांकडे ठेवली. रोप ऑफिससमोर लावायचं, पाटी बसवायची, असं साहेबांचं ठरलं होतं. रविवारी सकाळी मी न्यायला गेले, तर आप्पा तेच रोप पाट्यावर वाटत होते.

"आप्पा, अहो, ती ऑफिसची आहे."

"आवतन दिधं ना तिले? पाव्हनीले बलाईसन परत धाडानं का?"

पहिली वाटी बनाबाईंच्या मुलाला मिळाली, दुसरी साहेबांच्या मेहुण्याला. मेहुण्यांनी ती डोळे मिटून एका दमात संपवली.

पंधरा दिवसांत दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. साहेब म्हणाले, दवाखान्याच्या उपचाराने. बनाबाई म्हणाल्या, आप्पांनी शाल घेतली नाही म्हणून. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही जवान शेतस. तेस्नी तेल-तिखट सोडं, आराम कया. भुईआवळीनी बी काही करं व्हई." मला मात्र हायसं वाटलं. त्या पोराला काही झालं असतं, तर त्या गावात मला तोंड दाखवता आलं नसतं.

मग जिल्ह्याहून पत्र आलं. सत्कारमूर्तींना मोठ्या कार्यक्रमासाठी पाठवा.

"काय कळवायचं?" साहेबांनी विचारलं.

"मेहुण्यांना पाठवा सर. निम्म्या सत्कारमूर्ती त्यांच्याच पोटात आहेत."

त्यानंतर नोंदवहीत मी हाताने एक रकाना वाढवला. 'सत्कार केलेला चालेल का?' पहिली नोंद आप्पांची घेतली. त्यांनी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.