राजाचा न धुतलेला सदरा

इल्देफोन्साच्या तोंडावर देवीचे वण इतके दाट होते की नदीवरच्या बायका म्हणायच्या, "हिच्या गालावर वाटाणे टाकले तर एक खाली पडायचा नाही." ती हसून सोडून द्यायची. त्याच वणांनी तिला राजवाड्याचं धुणं मिळवून दिलं होतं. देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, हे माद्रिदमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाड्यात कुणाच्या अंगावर फोड उठले की मान्सानारेस नदीच्या काठी निरोप यायचा, "त्या खडबडीत परटिणीला पाठवा."

तिचे आईबाप आणि भावंडं त्याच रोगाने एका खोलीतून गेली होती. म्हणून लेक झाल्यापासून तिचा एकच हट्ट. गल्लीत कुणाला देवी आल्याचं कानावर आलं की कासिल्दाला उचलायचं आणि डोंगराकडच्या गावी नणंदेकडे नेऊन ठेवायचं. आजाऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं तिने कधी उंबरा ओलांडू दिलं नाही. कासिल्दाचा चेहरा लोण्यासारखा नितळ राहिला. कारण नसताना पोरीच्या डोक्यावरचा रुमाल मागे सारून आई तो चेहरा शेजारणींना दाखवायची.

पोरीचं लग्न झालं, नवरा ब्लास खेचरं हाकणारा, माणूस गरीब पण मायेचा. दोन मुलं झाली आणि दोन्ही जन्मल्या दिवशीच गेली. तिसऱ्या वेळी पोट दिसू लागलं तेव्हा कासिल्दा आईला म्हणाली, "हेही गेलं तर मी उठायची नाही गं." इल्देफोन्साच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं.

त्याच वर्षी थोरल्या राजाने स्वतः पायउतार होऊन आपल्या कोवळ्या मुलाला गादीवर बसवलं होतं. घंटा वाजल्या, मिरवणूक झाली, फुकटची दारू वाहिली. उन्हाळा सरता सरता त्या पोरालाच देवी आल्या. औट घटकेचं राज्य म्हणतात ते याला. वाड्यातले मोठमोठे लोक नाकाला व्हिनेगरचे बोळे लावून दाराबाहेर उभे राहायचे आणि चादरींची गाठोडी काठीने इल्देफोन्साकडे ढकलायचे. एरवी त्याच्या जोड्यावर धूळ बसली तरी पुसायला धावणारी ही माणसं. शेवटी राजा गेला आणि हुकूम आला, त्याच्या अंगावरचं, अंथरुणातलं सगळं नदीपलीकडे नेऊन जाळा.

ती गाठोडं घेऊन निघाली तेव्हा रेमिखिया नावाची तिची जुनी सोबतीण दगडावर कपडे आपटत होती.

"सतरा वर्षांचं लेकरू गं," रेमिखिया म्हणाली. "साठ तरी जगलं असतं. मग उरलेली वर्षं कुठे जातात?"

"कुठे जाणार? मातीत."

"खुळी की काय तू! मरणाच्या घामात उतरतात. अकाली गेलेल्याचा शेवटचा सदरा बाळंतिणीच्या पोटावर घातला की मूल जगतं, आमची आजी सांगायची. आणि हा तर राजाचा! फक्त धुवायचा नाही. धुतलास की वर्षं गेली नदीत."

"मी? आणि न धुता? जीभ झडो तुझी."

"मग जाळ बाई. कासिल्दाची दोन गेली, तिसरंही जाऊ दे."

इल्देफोन्साने तिला एक शिवी हासडली आणि पुढे गेली. पलीकडे जाऊन तिने चादरी जाळल्या, उशा जाळल्या. सदरा हातात राहिला. देवी कपड्यातून येतात, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? कळत होतं आणि तरी हात पुढे होईना. शेवटी तिने मनाशी तोड काढली. सदरा शहराबाहेरच्या काटेरी झुडपावर कडक उन्हात टाकला आणि रोज जाऊन उलटवला. सूर्य काय लहानसहान परीट आहे, असं स्वतःलाच बजावत राहिली. आशेने माणूस आंधळं होतं म्हणतात. ही आंधळी नव्हती, हिने डोळे मिटून घेतले होते.

कळा सुरू झाल्या तेव्हा तिने सदरा पोरीच्या पोटावर पसरला.

"आई, केवढा मऊ! कुणाचा गं?"

"राजाचा. गप पड आणि जोर लाव."

मुलगा झाला आणि असा रडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ब्लास सासूच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. "सासूबाई, तुमच्या हाताला यश आहे!" रेमिखियाने घरोघर सांगितलं. चार दिवस त्या घरात हसू मावेना. गावात पुन्हा घंटा वाजल्या, थोरला राजा परत गादीवर बसला होता. कुणाची रिकामी जागा इतक्या लवकर भरलेली इल्देफोन्साने पाहिली नव्हती.

मग कासिल्दाची पाठ दुखू लागली, ताप चढला आणि त्या नितळ कपाळावर पहिले फोड उठले. बाळाच्या अंगावरही उठले. ते आधी गेलं. ब्लासला देवी येऊन गेल्या नव्हत्या, म्हणून इल्देफोन्साने त्याला दाराबाहेर काढलं. तो बाहेर पायरीवर डोकं धरून बसून राहिला. आत ती एकटी लेकीच्या ओठांवर पाणी सोडत होती. कासिल्दाचे डोळे सुजून मिटले होते.

"आई, तो सदरा तू धुतला होतास ना?"

त्या सदऱ्याआधी उभ्या जन्मात इल्देफोन्साने कुणाच्या हाती न धुतलेलं कापड दिलं नव्हतं.

"धुतला होता गं. राखेच्या पाण्यात उकळून, दोनदा."

"मला ठाऊक होतं. माझी आई तसा कसा देईल." कासिल्दाने चाचपडत आईचा हात धरला. "मग देवाचीच मर्जी. तू रडू नकोस हं."

इल्देफोन्साने डोळे पुसले. लेकीचं एवढं एक सांगणं तरी तिला पाळायचं होतं.