पाठमोरा विन्या

फोन आला तेव्हा मी गाण्याच्या क्लासातल्या मुलींना हसवत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडून गुरुराज म्हणाला, "शैला, विन्या होद..." गेला, म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेला?" कारण विन्या कुठेही जायचा, न सांगता जायचा आणि चार दिवसांनी बेळगावचा कुंदा घेऊन परत यायचा. गुरुराजने तोच शब्द पुन्हा म्हटला. खोटं कशाला सांगू, तो ऐकून मला आधी दुःख झालंच नाही. भीती वाटली. जत्रेत आईचा हात सुटल्यावर वाटते तशी. विनायक, आमचा ड्रमर, धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात यंत्रापाशी उभा असताना छाती धरून खाली बसला आणि उठलाच नाही. वय चव्वेचाळीस.

आज कुणाला आठवणार नाही, पण नव्वदच्या दशकात हुबळी-धारवाडात आमचा एक बँड होता आणि त्याचं बऱ्यापैकी नाव व्हायला लागलं होतं. 'काळी पाच' हे त्याचं नाव, कारण माझी गायची पट्टी तीच. गुरुराज गिटार वाजवायचा आणि चाली बांधायचा. आम्ही रॉक वाजवतो असं सगळ्यांना बजावून सांगायचो, पण चाली इतक्या गोड की गुरुराजची आई तांदूळ निवडताना त्या गुणगुणायची आणि आमची अब्रू जायची. तालीम हुबळीतल्या कमरीपेठेत, मोटारी वाइंडिंग करायच्या दुकानाच्या माडीवर. खाली इतका आवाज की वर आम्ही काय करतो याची कुणी चौकशीच केली नाही. विन्याचे ड्रम एका लग्नाच्या बँडकडून घेतलेले. मोठ्या ड्रमवर वधू-वराचं चित्र होतं. त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणापासून तबला शिकवला होता आणि ड्रम ही त्यांच्या मते तबल्याची वाया गेलेली भावंडं होती.

मी तोंडाळ म्हणून गावभर प्रसिद्ध. घरात, वर्गात, बसमध्ये नकला करून लोकांना लोळवायची. पण स्टेजवर माईकपुढे उभी राहिले की पाय गार. याला कारण धारवाड! इथे पहिल्या रांगेत बसलेल्या प्रत्येक माणसाला गाणं कळतं, हे या गावाचं भाग्य आणि माझं दुर्दैव. शाळेतल्या एका स्पर्धेत माझा गंधार जरा घसरला, तर समोरचे एक आजोबा जीभ टाळ्याला लावून "च्च" म्हणाले. एवढंच. हळूच म्हणाले. पण मी पुढचे शब्द विसरले, ते आजतागायत आठवलेले नाहीत. बँडच्या पहिल्या कार्यक्रमात तोच "च्च" कानात वाजायला लागला, आणि मी गर्रकन लोकांकडे पाठ फिरवली. समोर विन्या होता. त्याच्याकडे बघत मी पूर्ण गाणं म्हटलं. मग दुसरं. मग सगळीच. लोकांना वाटलं ही नवी फॅशन! पुढच्या गॅदरिंगला दुसऱ्या एका कॉलेजची गायिकाही लोकांकडे पाठ करून गायली, तेव्हा आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. पण त्या हसण्यात माझी भीती काही कमी झाली नव्हती.

मग बेंगळूरहून कॅसेट कंपनीचे एक साहेब आले. तालमीत गाणी आवडली. संध्याकाळी हुबळीत गणपतीच्या मांडवात आमचा कार्यक्रम होता, तो बघून ठरवतो म्हणाले. "पण ही मुलगी लोकांकडे तोंड करून गाणार असेल तरच. नाहीतर कॅसेटच्या कव्हरवर काय वेणी छापू?" मी माडीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. म्हटलं, मला जमणार नाही, दुसरी बघा. गुरुराज चिडला. "तीन वर्षं घातली याच्यात. आणि तू एका 'च्च'साठी पाणी सोडतेस?" मला रडू यायला लागलं. विन्या शेंगा सोलत बसला होता. सगळ्या संपल्यावर म्हणाला, "तुला मी दिसलो की झालं ना? मग मीच तिकडे जातो की."

आणि गेला! स्टेजच्या अगदी पुढच्या कडेला त्याने ड्रम मांडले आणि लोकांकडे पाठ करून बसला. मला मागे एका लाकडी पेटाऱ्यावर उभं केलं. मी त्याच्याकडे बघायचं आणि लोकांनी समजायचं की आपल्याकडे बघते आहे. मांडवातून ओरडा झाला, "ए, तिरगू!" म्हणजे वळ इकडे. तो वळला नाही. साहेब खूष झाले, कॅसेट निघाली, पुढची चार वर्षं आम्ही बेळगावपासून दावणगेऱ्यापर्यंत असेच वाजवत फिरलो. मी एकदा विचारलं, "विन्या, पाठ करून बसायला वाईट नाही वाटत?" तर म्हणाला, "झकास वाटतं! एवढी माणसं आली होती हे मला कळतच नाही." मी ती थट्टा समजले.

पुढे लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, बँड विरला... नेहमीचंच. तो गेल्यावर त्याची बायको माधवीवहिनी म्हणाल्या, "शैलाताई, वाजवतानाचा एखादा फोटो द्या की हो. घरात एकही नाही." मी आणि गुरुराजने दोन दिवस ट्रंका उपसल्या. सुरुवातीच्या फोटोंत त्याच्या पुढे माझी पाठ. नंतरच्या फोटोंत त्याचीच पाठ. चेहरा एकातही नाही.

त्यामुळे मागच्या रविवारी शोकसभेत हार घातला होता तो कारखान्याच्या ओळखपत्रावरच्या, मोठ्या केलेल्या फोटोला. भांग पाडलेला, शांत, समजूतदार माणूस. मला एक कडवं म्हणायला उभं केलं. पहिली रांग भरलेली. सवयीने फोटोकडे वळले, तर त्या शांत माणसाचा मला काडीचा उपयोग होईना. तेव्हा कुठे डोक्यात लख्ख झालं. विन्या शांत कधी नव्हताच. तो माझ्याहून जास्त घाबरायचा, आणि त्याच्याकडे बघून मी माझी भीती विसरायची!

मी लोकांकडे वळले. म्हटलं, "विन्या असा दिसत नव्हता. असा दिसायचा." आणि करून दाखवला. खालचा ओठ दातांत, नाकपुड्या फुगलेल्या, एक भुवई कपाळात, डोळे समोरून बैल धावत यावा तसे. सभागृह हशाने फुटलं. माधवीवहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, रडल्या आणि भर सभेत म्हणाल्या, "ताई, अजून एकदा करा की हो." मी पुन्हा केला. मग कडवं म्हटलं, सगळ्यांच्या डोळ्यांत बघत.

तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर तो चेहरा करते. माझ्याखेरीज तो आता कुठेच नाही. काल मात्र अडखळले. भुवई डावी की उजवी? तो समोर बसायचा, आरशात पुन्हा उलटं दिसतं... गुरुराजला फोन लावला. तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मी त्याच्या बाजूला उभा असायचो. समोर तू एकटीच होतीस."