पहिला पेशंट कोण

साथीच्या रोगांचे सिनेमे मी भरपूर पाहिलेत. कोरोनात कंपनी बंद होती, तेव्हा तर आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत बसून एकामागून एक पाहिले. बायको म्हणायची, "बाहेर तेच, घरात तेच, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?" मला नाही यायचा. सिनेमातल्या साथीत सगळं कसं घसघशीत असतं. रस्त्यात गाड्या अडकतात, लोक दुकानं फोडतात, धडधाकट माणसं चालता चालता कोसळतात. मग एखादी हुशार डॉक्टर नकाशावर बोट ठेवते आणि सांगते, सुरुवात इथून झाली, हा पहिला पेशंट. तो प्रसंग माझा फार आवडता. आणि प्रत्येक वेळी मला खात्री असायची, की तशी वेळ आलीच तर मी त्या सैरावैरा पळणाऱ्यांतला नसेन.

गेल्या वर्षी फ्लूची साथ आली, तेव्हा आमच्याकडे कुणीच पळालं नाही. पळणार कुठे, फर्स्ट शिफ्ट होती. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये लोक खिडक्या उघडून बसायला लागले. कुणी शिंकलं की आजूबाजूचे मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे. रुमालात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या आल्या. तळवड्याला चढणारा एकजण रोज सकाळी "साधा फ्लू आहे राव, कोरोना थोडाच आहे" असं सगळ्यांना सांगायचा आणि स्वतः मात्र दोन मास्क लावायचा. त्याला आम्ही मनसोक्त हसलो. एवढीच काय ती आमची घबराट.

कंपनीने गेटवर ताप मोजायची गन परत आणली. ताप निघाला की तीन दिवस घरी, असा नियम होता. मी असेंब्ली लाइनचा सुपरवायझर. तीन वर्षं माझा एकही खाडा नव्हता, आणि त्याबद्दल कॅन्टीनच्या दारातल्या बोर्डावर माझा फोटो लागलेला होता. फोटोत मी जरा जास्तच हसलोय. पण जेवायला जाताना लोक तो बघतात, हे मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी पहाटे उठलो तर अंग मोडून आलेलं, घसा धरलेला, ताप चांगला एकशे एकच्या वर. मी बसस्टॉपवर पॅरासिटामॉलची गोळी घेतली. गेटपर्यंत ताप उतरतो, ही विद्या कोरोनात आम्ही सगळेच शिकलो होतो. वॉचमनने कपाळावर गन धरली, आकडा बघितला आणि "जा साहेब" म्हणाला. मी गेलो.

दुपारी मात्र ताप पुन्हा चढला. कॅन्टीनमध्ये ताट समोर घेऊन नुसता बसून राहिलो. तिथे पोळ्या वाढणाऱ्या एक मावशी होत्या. चाकणच्या पलीकडच्या खेड्यातल्या, पन्नाशीच्या, नऊ वर्षं तिथे काम करणाऱ्या. कंत्राटदाराकडे कामाला, त्यामुळे त्यांचा फोटो कुठल्याही बोर्डावर लागायचा प्रश्न नव्हता. त्या जवळ आल्या आणि न विचारता माझ्या कपाळाला हात लावला.

"आगं बाई! दादा, तुमचं आंग लई तापलंय. घरी जावा की."

"कणकण आहे नुसती. कुणाला बोलू नका मावशी."

"न्हाई बोलत. पन काय तरी गरम प्या." त्यांनी आत जाऊन आलं-मिरी घालून पाणी उकळलं आणि मी पेला संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मी त्यांच्या तोंडावर दोनदा खोकलो, तेही आठवतंय.

गुरुवारी मावशी खोकायला लागल्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांत माझ्या लाइनवरची निम्मी माणसं आडवी झाली आणि लाइन अर्ध्यावर आली. मी तोवर बरा झालो होतो. पुढच्या सोमवारी प्लांट मॅनेजरांनी मीटिंग बोलावली. आम्ही चार सुपरवायझर, एचआरच्या मॅडम, कॅन्टीनचा कंत्राटदार. चहा आला, बिस्किटं आली.

"सुरुवात कुठून झाली, ते शोधायला हवं," मॅनेजर म्हणाले.

मॅडमनी आम्हा चौघांना विचारलं, तुमच्या लाइनवर कुणाला आधी त्रास होता का? तिघे नाही म्हणाले. माझी पाळी आली.

"नाही मॅडम. माझ्याकडे सगळं ओके होतं," मी म्हणालो. आवाजसुद्धा अडखळला नाही. वर आणखी, कुणी विचारलं नसताना, "कॅन्टीनमध्ये मात्र गुरुवारपासून खोकला ऐकू येत होता," असंही म्हणालो. हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलता आलं असतं तर मी ढकललं असतं.

मावशींना बोलावलं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, मास्कवरून पदर धरून.

"ताप कधी आला तुम्हाला?"

"गुरवारी."

"त्याआधी कुणी आजारी माणूस जवळ आलं होतं?"

मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी वहीत तारीख लिहायला घेतली.

"समद्यांनाच वाढते की मी, सायेब," त्या म्हणाल्या.

सिनेमात अशा वेळी आरडाओरडा होतो, कुणीतरी दगड उचलतं. इथे कुणी आवाजही चढवला नाही. मॅनेजर म्हणाले, मावशी, तब्येतीची काळजी घ्या. मॅडमनी त्यांना मास्कचं एक पाकीट दिलं. कंत्राटदार म्हणाला, "सर, उद्यापासून दुसरी बाई देतो." झालं. नऊ वर्षांचं काम एका चहात गेलं, आणि पहिला पेशंट बिस्किट खात तिथेच बसला होता.

दीड महिना मी स्वतःला समजावत राहिलो, की त्यांना दुसरीकडे काम मिळालं असेल. शेवटी एका रविवारी गाडी काढून त्यांच्या गावी गेलो. काम मिळालं होतं, कांद्याच्या वखारीत कांदे निवडायचं, तेही रोजचं नव्हे. त्यांचा खोकला अजून गेला नव्हता. मला बघून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी बसलो आणि एका दमात म्हणालो, "मावशी, ताप आधी मला आला होता. तुम्हाला माझ्यामुळे झाला."

"ठाव हाय की. म्याच हात लावला न्हवता व्हय कपाळाला?"

"मग त्या दिवशी साहेबांसमोर सांगितलं का नाही?"

त्यांना प्रश्नच कळला नसावा असं त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमी सांगाल म्हनून वाट बघत व्हते मी."

सुनेने चहा आणला. मी तो प्यायलो आणि उद्याच मॅनेजरांशी बोलतो, असं सांगून निघालो. त्याला आता सहा महिने होतील. मी अजून बोललेलो नाही.