शेवाळावरचा चहा

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या जुन्या शहरात मी शाळेत विज्ञान शिकवायचो. घरी माझं विज्ञान कुणी मनावर घेत नसे. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. त्यांच्या धुरानं बायकोचे डोळे कायम लाल, वर खोकला. तिला रॉकेलचा स्टोव्ह हवा होता.

मी मात्र अमरावतीला कॉलेजात असताना एका मासिकात वाचलं होतं, की हिरवं शेवाळ हवा लागू न देता अंधारात ठेवलं आणि मग उन्हात आणलं तर ते हायड्रोजन सोडतं. हायड्रोजन बिनधुराचा जळतो. आणि ऊन तर आमच्याकडे पैशाला पासरी. उन्हाळाभर थांब, स्टोव्ह कशाला, असं मी तिला सांगितलं. ती थांबली, खोकत.

हौदातलं शेवाळ बरणीत भरलं, घट्ट बूच लावलं, बुचातून नळी काढली आणि बरणी फडताळात ठेवली. चार दिवसांनी बघतो तर बरणी गच्चीवर, लोणच्याच्या रांगेत, तोंडाला स्वच्छ दादरा बांधलेला.

"वास मारून रायला होता," आई म्हणाली. "बरणीले फडकं बांधा लागते, एवढंबी नाई शिकवत काय तुह्या शाळेत?"

फडक्यातून हवा शिरली, सगळं मुसळ केरात. पुन्हा नव्यानं मांडलं. या वेळी उन्हात नळीशी थोडा वायू जमला. काडी लावली, बारीकसं टुप झालं. मी विजयानं बायकोकडे पाहिलं.

"चहाचं पाणी तापाले अशा किती बरण्या लागतीन?" तिनं विचारलं.

हिशेब मांडायला गेलो तर आमची गच्ची पुरेना, शेजाऱ्यांचीही पुरेना. मग खरं ते सांगितलं: पडलेल्या उन्हापैकी शेवाळ थोडंच घेतं, त्यातलंही बहुतेक स्वतः वाढण्यात घालवतं. वर उन्हात ते प्राणवायूही सोडतं, आणि त्या प्राणवायूनंच हायड्रोजनचं काम थांबतं.

"म्हंजे सुरू केलेलं काम सोताच बंद पाडते," ती म्हणाली. "तुमच्याच वळणावर गेलं."

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह आणला. पेटवायचा मान अर्थात विज्ञान शिक्षकाचा. बर्नर नीट तापण्याआधीच मी पंप मारला. पिवळा भडका उठला आणि स्वयंपाकघर काजळीनं भरलं. बायकोनं मला बाजूला सारलं, चावी सोडून हवा काढली, पिन मारली, बर्नर नीट तापवून स्टोव्ह पुन्हा पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.